अमावस्येचं दूध

मी एकदा चांगलं दूध मातीत ओतायला लावलं. चांगलं म्हणजे निर्भेळ, घट्ट, ताजं. पन्नासेक माणसं बघत होती आणि त्यांच्यासमोर मी ते दूध भेसळीचं ठरवलं. ते तसं नव्हतं, हे मला काही दिवसांत कळलं. कळल्यावरही मी गप्प बसलो. पहिली चूक घाईत झाली. दुसरी सावकाश, रोज थोडी थोडी करत राहिलो, म्हणून दुसरीच मोठी.

जयपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'तुमच्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा' असं सांगितलं, तेव्हा मी होकार दिला खरा. पण लिहायला बसल्यावर गमतींच्या आधी हेच पुढे आलं. गमती मधे येतीलच.

मी कऱ्हाडकडचा. दुग्धशास्त्राची पदवी घेऊन जयपूरला एका खासगी डेअरीत लागलो, तिथल्या सोडाला भागात भाड्याची खोली घेतली आणि इथलाच झालो. माझं काम दूध तपासायचं. गावोगावच्या संकलन केंद्रांवर न सांगता जायचं, कॅनचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा, चव घ्यायची, फॅट आणि लॅक्टोमीटरवरची डिग्री बघायची, नमुने लॅबला पाठवायचे. थोडक्यात, संशय घेण्याचा मला पगार मिळतो.

संशयाचं शिक्षण मात्र घरचं आहे. आमची आई गावच्या सोसायटीला दूध घालायची. दूध कळशीतून किटलीत ओतलं की ती कळशी पाण्यानं विसळायची आणि ते विसळण किटलीतच घालायची. "भांड्याला लागलेलं दूध वाया कशाला घालवायचं?" असं तिचं म्हणणं. त्यात लबाडी आहे असं तिला शेवटपर्यंत वाटलं नाही. मी मात्र तेव्हापासून धरून चाललो की किटलीशी उभा असलेला प्रत्येक माणूस काहीतरी विसळत असणार.

आणि विसळणारे भेटलेही. चाकसूकडच्या एका गड्याच्या दुधात पाणी निघालं. मी म्हटलं, "भैया, पाणी घातलंयस." तो दुखावला. "घातलंय साब, पण आरओचं घातलंय. जयपूरची लेकरं पिणार, त्यांना विहिरीचं कसं पाजू?" दुसऱ्या एकानं डिग्री वाढवायला साखर घातली होती. पकडल्यावर म्हणाला, "साब, तुमच्या पोराला गोड लागलं असतं की!" यांच्यावर रागावणं अवघड जायचं.

बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. शहरात दुकान टाकलं की गिऱ्हाईक अनोळखी असतं. खेड्यात धंदा काढला की गिऱ्हाईक म्हणजे तुमचा दीर, चुलतसासू, वाटेतल्या विहिरीचा वाटेकरी. दूध परत केलं तर नुसतं दूध परत जात नाही. उद्या तो तुमच्या शेतातून पाण्याचा पाइप जाऊ देणार नाही. आमच्या कंपनीच्या नियमांत दीर-जाऊ नव्हते. मनभरबाईंच्या धंद्यात दुसरं काही नव्हतंच.

मनभरबाई बस्सीच्या पुढे, आग्रा रस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात आमचं केंद्र चालवत. हे केंद्र मीच उभं केलं होतं. त्यांच्या ओसरीवर दूध गार करण्याचा मोठा कूलर बसवला, त्या दिवशी गावानं गूळ वाटला. पण पहिल्याच आठवड्यात अडचण आली. मनभरबाई त्या गावच्या सून. जेठ म्हणजे थोरला दीर, सासरे, गावातले थोरले पुरुष समोर आले की पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि बोलायचं नाही. मग जेठाचं आंबट दूध नाकारायचं कसं?

त्यांनी उपाय काढला. नाकारलेल्या कॅनचं झाकण त्या उलटं ठेवायच्या. शब्द नाही, नजर नाही. जेठ येऊन उलटं झाकण बघायचा, खाकरायचा आणि कॅन उचलून चालू लागायचा. अपमानही नाही आणि आंबट दूधही नाही. मी ही युक्ती कंपनीच्या बैठकीत सांगितली तेव्हा सगळे हसले. मला तिचा अभिमान होता, जणू मीच शोधली.

माझ्यासमोर मात्र त्या पदर घेत नसत. पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "थे तो परदेसी छो साब, थां सूं काँई को घूँघट?" परक्या मुलखातल्या माणसापुढे कसला पदर! मला त्या भाईसाब म्हणायच्या आणि चहात साखर किती हवी ते न विचारता कमी घालायच्या.

मग गुरांच्या अंगावर गाठी येणारी ती साथ आली. त्या गावात बहुतेक गायीच होत्या आणि गायी पटापट गेल्या. त्या दिवसांत केंद्रावर जायला मला धीर होत नसे. साथ ओसरली, उरलेल्या गायी दूध देऊ लागल्या, केंद्र पुन्हा भरलं. सगळं पूर्वीसारखं झालं, असं मी समजलो.

काही महिन्यांनी संगणकावर एक विचित्र गोष्ट दिसली. त्या केंद्राचं दूध महिनाभर साधं गायीचं असायचं आणि महिन्यातल्या एका सकाळी फॅट एकदम वर जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. दूध पातळ झालं तर आम्ही पाणी समजतो. दूध अचानक श्रीमंत झालं तर त्याहून वाईट गोष्ट समजतो, कारण वनस्पती तूप किंवा तेल घुसळून फॅट वाढवणारे लोक असतात. गाय महिन्यातून एकदा म्हैस होत नाही.

त्यात मला मनभरबाईंचा नवरा आठवला. रामफूल सोडाल्यातच, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका मिठाईच्या दुकानात कढईवर होता. म्हणजे वनस्पतीचे डबे हाताशी. मी अर्धा किलो कलाकंद घेण्याच्या मिषानं दुकानात गेलो आणि गल्ल्यावरच्या शेठला सहज विचारलं, "रामफूल आज दिसत नाही?"

"अरे साहब, आज अमावस है ना. हर अमावस को गाँव भागता है. पता नहीं कौन-सा खजाना गाड़ रखा है."

घरी येऊन भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढलं आणि फॅट वाढल्याच्या तारखा लावून पाहिल्या. एकूण एक अमावस्या. कलाकंद तसाच राहिला. बायको म्हणाली, "अहो, खा की. का त्याचीही तपासणी आहे?"

इथल्या बऱ्याच गावांत अमावस्येला दूध विकत नाहीत हे मला ठाऊक होतं. पण या गावात तसं कधी नव्हतं आणि त्या दिवशीही केंद्रातून, कमी का होईना, भरलेला कॅन येत होता. म्हणून ती शक्यता माझ्या मनात आली नाही. मला जे बघायचं होतं ते मी बघून ठेवलं होतं.

पुढच्या अमावस्येला सकाळीच मी केंद्रावर उतरलो. रामफूल मोटरसायकलवरून कॅन उतरवत होता. मला बघून त्याचा हात थबकला. मी तेही टिपलं. ओसरीवर दूध घालणाऱ्या बायका बसल्या होत्या, पण एकीच्याही हातात किटली नव्हती. हे दिसूनही मी टिपलं नाही.

झाकण उघडलं. वास नेहमीचा नव्हता. फॅट घेतलं, वर.

"मनभरजी, आज दूध एवढं घट्ट कसं?"

"चारा चांगला मिळाला असेल, भाईसाब."

"महिन्यातून एकदाच मिळतो?"

त्या कॅनचं झाकण पुसू लागल्या.

"हे दूध याच गावचं आहे ना?"

"याच गावचं."

मी बायकांकडे वळलो. "खरं?"

सगळ्यांनी एकदम मान हलवली. म्हातारीपासून नव्या सुनेपर्यंत सगळ्यांचा चेहरा सारखा. इतकी माणसं एकसारखं खोटं बोलताना मी कधी पाहिली नव्हती. अख्खं गाव मिळालेलं आहे, याची मला खात्रीच पटली.

रामफूल पुढे आला. "साब, पहले जाँच तो करा लो."

"जाँच भी हो जाएगी," मी म्हटलं आणि नमुन्याची बाटली भरून घेतली.

आता आमच्या धंद्यातला नियम सांगतो. संशयित दूध टँकरमध्ये जाऊ द्यायचं नाही. गावातही मोकळं सोडायचं नाही, नाहीतर ते दुसऱ्या केंद्रातून आपल्याकडेच परत येतं. त्यासाठी दोन मार्ग असतात. कॅनला सील लावून, गार ठेवून लॅबची वाट पाहायची, किंवा दूध ओतून टाकायचं. माझ्या पिशवीत सील होतं. शेजारी कूलर चालू होता. पण एवढं गाव बघत होतं आणि मला त्यांना धडा शिकवायचा होता.

"ओतून टाका," मी म्हणालो.

कोणी हललं नाही. शेवटी दूध न्यायला आलेल्या टँकरच्या ड्रायव्हरनं कॅन कलंडवला. ओसरीपुढे चुलीसाठी टाकलेला एक सपाट दगड होता, त्याच्यावरून दूध मातीत गेलं. दुधाचा पांढरा रंग मातीवर किती वेळ टिकतो ते मी तेव्हा पाहिलं. एक म्हातारी पुढे आली, तिनं ती ओली माती बोटानं उचलली आणि कपाळाला लावली. मनभरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर ओढून घेतला. हनुवटीपर्यंत.

लॅबचं उत्तर आलं. परकी चरबी नाही, तेल नाही, काही नाही. निव्वळ म्हशीचं शुद्ध दूध. मी ते वाचलं. तोपर्यंत कंपनीतल्या आमच्या साहेबांनी ठरवलं होतं की कूलर उचलून हायवेवरच्या गावी न्यायचा. त्यांच्या मनात ते आधीपासून होतंच आणि त्यांना निमित्त हवं होतं. मी स्वतःला सांगितलं, आता बोलून काय उपयोग? दूध शुद्ध असलं तरी गावचं नव्हतं, म्हणजे नियम मोडलाच होता. असं स्वतःला समजावताना माणूस किती हुशार होतो! कूलर गेला. गावातल्या बायका पुन्हा मोटरसायकलवर येणाऱ्या दूधवाल्याच्या तोंडाकडे बघू लागल्या. मी त्या रस्त्यानं जाणं टाळलं. मिठाईचं दुकानही बदललं.

दुसऱ्या वर्षी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या पेढ्यांची जबाबदारी बायकोवर आली. तिनं परस्पर त्याच दुकानात सांगितलं आणि आणायला मला पाठवलं. रामफूल कढईपाशीच होता. मला बघून त्यानं ताज्या माव्याचा गोळा झाऱ्यावर घेतला आणि पुढे धरला.

"साब, सूँघोगे नहीं?"

दुकानातले दोघे-तिघे हसले. मी हसलो नाही. विचारलं, "रामफूल, ते दूध कुठलं होतं?"

त्यानं झारा कढईत टाकला. "आता विचारता?"

पण सांगितलं. साथीत गायी मरत होत्या तेव्हा गावानं देवजीच्या थानावर, म्हणजे गुरं राखणाऱ्या देवाच्या ठाण्यावर, जाऊन नवस बोलला होता. उरलेल्या गायी वाचू देत, अमावस्येला त्यांचं दूध विकणार नाही. त्या दिवशीचं दूध वासरांना, लेकरांना आणि देवजीच्या खिरीला. गायी वाचल्या. आता अडचण कंपनीची. करारात लिहिलेलं, रोज दूध हवं. खाडा पडला तर कूलर जाईल. कंपनीला नवस सांगायचा कसा? सांगितलं तर साहेब म्हणतील, आज नवस, उद्या लग्न, परवा तेरावं. म्हणून मनभरबाईंनी माहेर गाठलं. त्यांच्या भावांच्या ढाणीत, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, म्हशी होत्या. भावांनी म्हटलं, बहिणीच्या अडचणीला आमचं दूध ने. रामफूल दर अमावस्येला सुट्टी काढून पहाटे तो कॅन आणायचा. गावाबाहेरचं दूध चालत नाही असा कंपनीचा नियम, म्हणून सगळ्या गावानं मिळून ठरवलं होतं: कोणी विचारलं तर, याच गावचं.

"मग तेव्हाच सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं?"

मी पेढ्यांचे पैसे मोजायला घेतले.

"कूलरचं जाऊ द्या, साब," तो म्हणाला. "तिच्या भावांचं सांगतो. तुम्ही त्यांचं दूध भेसळीचं म्हणून ओतलं. ते म्हणतात, आमच्याकडून निघालं तेव्हा चोख होतं, वाटेत रामफूलनं काही घातलं असणार, मिठाईवाल्याकडे कामाला आहे. गावातली माणसं म्हणतात, भावांनीच घातलं असणार. दोन्हीकडून बोलणं बंद. फागणात मुलीचं लग्न आहे. भाऊ मायरा आणणार नाहीत म्हणालेत."

मायरा म्हणजे बहिणीच्या लेकराच्या लग्नात भाऊ कपडे, दागिने घेऊन वाजतगाजत येतात तो मान. येतात तेव्हा बहीण दारात पाट मांडते आणि त्यावर उभं करून त्यांना ओवाळते. भाऊ आले नाहीत तर तो रिकामा पाट सगळं गाव बघतं.

मी फक्त एका कॅनवर संशय घेतला होता. तो कॅन ओतला आणि संशय मात्र दोन गावांत मुरला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, लॅबच्या उत्तरासकट. ते मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ पेढ्यांचे बॉक्स मोजल्यासारखे हलवत राहिली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही रोज सकाळी घरातलं दूधसुद्धा वास घेऊन उतरवता. मी काही बोलत नाही. पण स्वतःचा वास कधी घेतला होतात?"

रविवारी मी मनभरबाईंच्या माहेरी गेलो. थोरला भाऊ गिर्राज म्हशी धूत होता. ओळख सांगितल्यावर त्यानं बसायला सांगितलं नाही.

"तुमचं दूध शुद्ध होतं," मी म्हणालो. "वाटेत कोणी काही घातलं नव्हतं. रामफूलनंही नाही. लॅबनं तपासलंय."

"लॅबनं कधी सांगितलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. परवाच कळलं, असं म्हणता आलं असतं.

"तेव्हाच. चार-पाच दिवसांत."

गिर्राजनं हातातला काथ्या बादलीत टाकला. "तेव्हापासून तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि आम्ही बहिणीशी बोलणं टाकून बसलो."

म्हैस शेपूट झाडत होती. माझ्या अंगावर पाणी उडालं, मी पुसलं नाही. शेवटी तो म्हणाला, "हे मला माझ्या गोठ्यात सांगून काय करू? जिथं ओतलं तिथं जाऊन बोला. सगळ्यांसमोर ओतलं होतं ना?"

"तुम्ही याल?"

"बघू."

साहेबांना मी सुट्टीचं कारण खरं सांगितलं. ते म्हणाले, "कंपनी के नाम से कुछ मत बोलना." मी म्हटलं, कंपनीच्या नावानं बोलायचंच नाही, माझ्याच नावानं बोलायचंय.

पुढच्या अमावस्येला गेलो. थानावर खीर शिजत होती. ओसरीवर कूलरची जागा तशीच रिकामी होती, भिंतीला वायर लोंबत होती. रामफूलनं निरोप दिला असावा, कारण माणसं जमली होती. त्याच सपाट दगडाजवळ माझ्यासाठी एक मोडा, म्हणजे वेताचं बसायचं आसन, ठेवला होता. मोड्यावर दुधाच्या कॅनचं एक झाकण होतं, उलटं.

आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. या परदेशी माणसाला कळतंय का, असं. मला कळत होतं. त्या झाकणाची गोष्ट मी बैठकीत हसत हसत सांगितली होती. मी मोड्यावर बसलो नाही, झाकणाला हात लावला नाही. मनभरबाई दारात उभ्या होत्या, पदर हनुवटीपर्यंत. मागे बाभळीखाली मोटरसायकल थांबली. गिर्राज होता आणि त्याच्या मागे धाकटा भाऊ. उतरले नाहीत, गाडीवर बसूनच ऐकत होते.

मी हिंदीत आणि मोडक्या ढूंढाडीत, म्हणजे इथल्या बोलीत, बोललो. बायका एक-दोनदा माझ्या उच्चारांवर हसल्या. इथे मराठीत लिहितो.

"मनभरबाई, त्या दिवशी या दगडावर मी जे दूध ओतायला लावलं ते शुद्ध होतं. तुमच्या भावांनी त्यात काही घातलं नव्हतं. तुमच्या नवऱ्यानं काही घातलं नव्हतं. तुम्ही खोटं बोललात ते गावाचा नवस आणि बायकांचा धंदा राखायला. मी खरं माहीत असून गप्प बसलो, ते स्वतःला राखायला. माझ्याकडे सील होतं, मी थांबू शकलो असतो. लोक बघत होते म्हणून थांबलो नाही. आज लोक बघतायत म्हणून सांगतो, खोट माझ्यात होती. कूलर परत आणणं माझ्या हातात नाही, पण तुमच्या मुलीच्या लग्नात तुमचे भाऊ पाटावर उभे राहावेत एवढ्यासाठी मी हे त्यांच्या कानावर घालतोय, गावाच्या कानावर घालतोय. भाईसाब म्हणायचात, ते आता म्हणू नका. पण मला माफ करा."